साका

आमच्या कोकणातल्या घरी माजघराच्या कोनाड्यात करंजेलाची एक काळपट बुधली असे. कोणाला खरूज झाली किंवा गुराची जखम चिघळली की ती खाली उतरे. आणि थंडीच्या दिवसांत तिच्या तळाशी जो पिवळट साका बसे, तो आजी दर खेपेस फडक्याने गाळून परसात केळीच्या बुंध्याशी टाकून देई. त्या साक्यात गोठलेल्या चरबीबरोबर करंजीन नावाच्या द्रव्याचे स्फटिकही असतात, ही गोष्ट मला कळावयास वयाची बावीस वर्षे उलटावी लागली.

पदवी पदरात पाडून मी संशोधनार्थ पुण्यास आलो, तेव्हा पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला उघडून चार-पाच वर्षेच झाली होती, आणि वनस्पतिजन्य द्रव्यांचे रसायनशास्त्र म्हणजे तरुणांना मोठे पुरुषार्थाचे क्षेत्र वाटत होते. आमच्या गुरुजींनी मला करंज नेमून दिला. पुण्याच्याच रानडे संस्थेतील द. बा. लिमये यांनी करंजीनावर फार पूर्वी मूलभूत काम करून ठेवले होते; तेव्हा आधी त्यांच्या वाटेने चालून हात बसवावा आणि मग पुढचे पाहावे, असा हुकूम झाला.

हात बसणे म्हणजे काय, हे मणभर बिया घाण्यावर नेल्यावाचून उमगत नाही. मणाला आठ-नऊ शेर तेल, तेलात शेकडा सव्वाच्या आसपास करंजीन, आणि शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर त्यातलेही काही नाहीसे व्हावयाचे. तेल मद्यार्काशी घुसळावे, द्राव आटवावा, थंड जागी ठेवावा आणि वाट पाहावी. सकाळी चंबूत सुया दिसल्या की त्या गाळून पुन्हा मद्यार्कात विरघळवाव्यात, पुन्हा वाट पाहावी, आणि असे करता करता वितळणबिंदू १५८ अंशांच्या आसपास येऊन स्थिरावला म्हणजे त्या दिवशी जेवण गोड लागे. पुढे तेच द्रव्य पोटॅशच्या मद्यार्की द्रावात उकळले की त्याचा रेणू दुभंगे, एका बाजूस बेंझॉइक अम्ल आणि दुसऱ्या बाजूस करंजिक अम्ल पदरी पडे. आणि या तुकड्यांवरून अखंड रेणूची आकृती मनात जुळवावयाची. भग्न शिल्पावरून मूर्ती ओळखण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे ती आपणच आधी फोडावयाची!

नंतर मी स्वतःचे म्हणून काम घेतले ते करंजाच्या मुळांच्या सालीचे. इथरच्या मागणीपत्रकावर मंजुरीचा शेरा मिळेपर्यंत दीड महिना गेला (त्या दफ्तराविषयी अधिक न लिहिणेच बरे), आणि आठ महिन्यांच्या खटपटीअंती एका छोट्या चंबूच्या तळाशी चिमूटभर पिवळे स्फटिक बसले. ते तसेच ठेवून मी रात्री घरी गेलो. सकाळी चंबू स्वच्छ घासलेला, फडताळात पालथा घातलेला! आमचा वृद्ध शिपाई मोठ्या समाधानाने म्हणाला, "साहेब, तळाला घाण धरली होती, राखेनं घासून काढली." मला संताप यावयास हवा होता, परंतु डोळ्यांसमोर आजीचे फडके उभे राहिले आणि तोंडून शब्दच फुटेना. चिठ्ठी चिकटवण्याचा आळस तर माझाच होता.

ते काम मी पुन्हा केले, प्रबंध झाला, नोकरी लागली. त्यात सांगण्याजोगे फारसे नाही. मात्र पुढे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची यंत्रे आली आणि ज्या रचनेसाठी पूर्वीचे लोक वर्षानुवर्षे रेणू फोडीत बसत, ती माझे विद्यार्थी एका दुपारी कागदावरच्या शिखरांवरून वाचू लागले. यंत्राचा मला हेवा वाटत नाही. त्याने आमची पुष्कळ अनुमाने पारखून दिली आणि काही चुकाही दाखविल्या. परंतु त्या मुलांपैकी कित्येकांनी करंजाचे फूल पाहिलेले नसे, याची चुटपुट मात्र लागून राही.

निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात मी काष्ठौषधीच्या दुकानात करंजेल मागितले. दुकानदाराने फळीवरची बाटली उजेडात धरली, तळाशी काही दिसताच ओशाळून ती बाजूला सारली आणि म्हणाला, "थांबा आजोबा, साका बसलाय, गाळलेली देतो."

"नको," मी म्हणालो, "तीच द्या."