विष्णुपुरी आणि एक टोपणनांव

प्रवासवर्णन लिहावयाचें तर गांव मोठें असावें, वाट बिकट असावी, निदान एखादा किल्ला किंवा धबधबा तरी वाटेंत लागावा, अशी वाचकांची अपेक्षा असते. विष्णुपुरीच्या या हकीकतींत त्यांपैकीं कांहींच नाहीं. नांदेड शहराजवळच गोदावरीच्या दक्षिण तीरावर हें गांव आहे. तेथें आमचा एक धाकटा चुलतभाऊ निवृत्तीनंतर घर बांधून राहिला आहे. त्याच्याकडे दोन दिवस राहून यावें, एवढाच आमचा बेत होता. परंतु त्या दोन दिवसांत एका फार जुन्या देण्याचा हिशेब आम्हांस करावा लागला. असें देणें पुष्कळ घरांतून थकलेलें असतें, असें वाटल्यावरून तो येथें मांडीत आहों.

नांवांचा विषय तसा स्टेशनापासूनच सुरू झाला. तिकिटावर आणि पाटीवर ‘हजूर साहिब नांदेड’ असें भारदस्त नांव. पण डब्यांतील प्रत्येक उतारू ‘चला, नांदेड आलें’ एवढेंच म्हणाला. रिक्षा पुलावर आली तेव्हां शेजारीं बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनीं पाण्याकडे पाहून हात जोडले आणि त्या ‘गंगामाय’ असें पुटपुटल्या. इकडील माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीं, गंगाच म्हणतो. भूगोलाच्या पुस्तकांतलें नांव वेगळें आणि तोंडांतलें वेगळें. पण या दुसऱ्या नांवानें नदी मोठीच झाली आहे, लहान झालेली नाहीं.

विष्णुपुरीचीहि अशीच गंमत आहे. गांवाचें नांव विष्णूचें, आणि गांवाचें दैवत काळेश्वर, म्हणजे महादेव! धरण बांधल्यावर देवळाजवळ पाणी पसरलें, त्या जलाशयास शंकरराव चव्हाण यांच्या नांवावरून ‘शंकर सागर’ म्हणतात. येथून पाणी उपसून कालव्यांत सोडतात. नांदेडकरांची तहानहि हेंच पाणी भागवतें. पूर्वीं जेथें शेतें होतीं तेथें आतां विद्यालयांच्या इमारती उभ्या आहेत. १९८१ सालीं श्री गुरु गोबिंदसिंघजींच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. मुलें त्याला ‘एसजीजीएस’ म्हणतात. १७ सप्टेंबर १९९४ रोजीं, म्हणजे हैदराबाद-मुक्तीच्या दिवशींच, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. एवढें लांब नांव घेण्यास कोणास सवड आहे? वर्तमानपत्रांत आणि विद्यार्थ्यांत त्याचें ‘स्वारातीम’ झालें आहे. स्वामीजींचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश भगवान खेडगीकर; १९३२ सालीं संन्यास घेतांना त्यांनीं तें स्वतःच्या हातानें टाकलें. ज्यानें एक नांव इतक्या सहजतेनें सोडलें, त्याला दुसऱ्याची अशी काटछांट पाहून हंसूंच आलें असतें असें वाटतें.

असे विनोदी विचार करीत आम्ही भावाच्या दारीं उतरलों. फाटकाशीं तो स्वतः, त्याची सून आणि सात वर्षांचा नातू असे तिघेंजण उभे होते. बारा वर्षांनीं भेट होत होती, मन भरून आलें, आणि लहानपणीं हजारदां मारलेली हांक तोंडांतून आपसूक बाहेर पडली : “काय रे अडक्या!”

भाऊ हंसला. सून गोंधळून आंत गेली. नातू मात्र कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें भावजयीनें फराळास सुशीला आणून ठेवली. चुरमुऱ्यांच्या या पदार्थास बाईमाणसाचें नांव कसें पडलें यावर आम्हीं एक कोटीहि केली. पण ती जमली नाहीं. घरांत कांहींतरी बिघडलें होतें, आणि तें काय हें आम्हांस त्या रात्रीं कळलें नाहीं.

‘अडक्या’ या नांवाची कथा अशी. भावाची मुंज झाली तेव्हां तो आठ वर्षांचा होता. भिक्षावळीच्या वेळीं सर्व मांडव भरलेला; पुढें त्याची आई तांदुळाचें ताट घेऊन उभी. ‘भवति भिक्षां देहि’ एवढेंच म्हणावयाचें होतें. पण पहिल्याच अक्षरावर त्याची जीभ जी थांबली ती कांहीं केल्या पुढें सरेना. एक काका म्हणाले, “मालगाडी अडकली वाटतें!” मांडव हंसून कोसळला. त्या दिवसापासून तो अडक्या झाला. हा शब्द काढला काकांनीं. पण तो चालविला आम्हीं. भावंडांत आम्ही वडील. आम्हीं ज्याला जें म्हणावें तें बाकीच्यांनीं म्हणावें, अशी तेव्हां घराची रीत होती. वाड्यांतून तें नांव शाळेंत गेलें तेंहि आमच्याच तोंडून.

आमच्या घरांतून खरें नांव कोणाचें चालत होतें म्हणा! थोरल्या काकूंना सारे ‘जिजी’ म्हणत. त्यांचें कागदोपत्रीं नांव आम्हांस त्यांच्या दहाव्याच्या दिवशीं कळलें. माहेरचें नांव तर लग्नांत तांदुळावर नवें नांव कोरलें कीं संपलेंच. रमाबाई रानडे आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी या दोघीहि माहेरच्या यमुनाच. इतिहासानें त्यांना सासरच्या नांवांनींच ओळखलें. अण्णा, नाना, तात्या, माई, अक्का हीं नांवें कुणाचीं? तीं माणसाचीं नव्हेत, नात्याचीं आहेत. लोकमान्यांचें पाळण्यांतलें नांव केशव. पण घरांत ‘बाळ’ म्हणत, आणि तें घरचें लाडकें नांवच बाळ गंगाधर टिळक म्हणून साऱ्या देशानें घेतलें. अशीं नांवें माणसाला जवळ ओढतात. पुष्कळ आडनांवेंहि मुळांत कुणाच्या रंगावरून, व्यंगावरून पडलेलीं दिसतात; काळे, गोरे, वाकडे, बोबडे हीं आतां इतकीं रुळलीं आहेत कीं त्यांतला टोमणा आज कोणास टोंचत नाहीं. यावरून आम्ही समजत होतों कीं नांव वापरलें कीं झिजतें, आणि झिजलें कीं बोथट होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातवास घेऊन आम्ही नांदेडांत हिंडून आलों. सचखंड साहेबाचें दर्शन घेतलें; मग नदीकांठीं बंदा घाटावर गेलों. इ. स. १७०८ मध्यें याच गोदातीरीं माधोदास नांवाचा बैरागी गुरु गोबिंदसिंघांस भेटला, आणि ‘मी आपला बंदा’ म्हणाला, अशी कथा आहे. बंदा म्हणजे दास. त्यानें तेंच नांव घेतलें, आणि बंदासिंह बहादूर म्हणून पंजाबांत मोंगलांशीं लढून १७१६ सालीं दिल्लीस मरण पत्करलें. दास या अर्थाचा शब्द, पण आज त्याच्या नांवाचा घाट आणि गुरुद्वारा आहे. ज्या शेष घराण्याशीं वामन पंडिताचें नांव जोडतात, तेंहि मूळचें या नांदेडचेंच म्हणून सांगतात. गीतेवर ‘यथार्थदीपिका’ लिहिणाऱ्या या पंडितास यमकांचा भारी सोस. म्हणून त्याला ‘यमक्या वामन’ असें चिडवीत. पुढें लोकांनींच त्याला ‘सुश्लोक वामन’ म्हटलें, आणि आज दोन्ही नांवें सारख्याच प्रेमानें घेतलीं जातात.

घाटाच्या पायरीवर बसून या गोष्टी आम्ही नातवास रंगवून सांगितल्या. चिडवण्याचें नांवहि माणूस मोठें करतो, असा बोध त्यांतून निघत होता, आणि त्यावर आम्ही मनांतून खूषहि होतों. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्यानें एक प्रश्न विचारला. तो विचारतांना दोन ठिकाणीं त्याची जीभ थांबली. प्रश्न असा होता : “मोठे आजोबा, अडक्या म्हणजे काय?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. कालपासून तो इतका कमी कां बोलत होता, तें आतां कळलें.

संध्याकाळीं भाऊ आम्हांस काळेश्वराला घेऊन गेला. दर्शन घेऊन दोघे पाण्याकांठीं बसलों. दिवस मावळत होता. पलीकडून देवळांतल्या घंटेचा आवाज येत होता. आम्हीं सकाळची हकीकत सांगितली. भाऊ आजहि बोलतांना मधेंच थांबतो, पण आतां तो घाई करीत नाहीं; शब्द येईपर्यंत शांतपणें वाट पाहतो. तो म्हणाला, “त्याला गेल्या वर्षापासून हें सुरू झालें. डॉक्टर म्हणतात, घराण्यांत असलें तर मुलांत येऊं शकतें. वाचोपचाराला नेतों आम्ही. त्या बाईंनीं सांगितलें आहे, त्याचें वाक्य तुम्ही पुरें करूं नका, ‘सावकाश बोल’ म्हणूनहि सांगूं नका. फक्त त्याच्याकडे पाहत ऐका. सुधारतो आहे तो.”

आम्ही म्हणालों, “काल आम्हीं हांक मारली ती चुकलीच. पण तुला तें नांव लागत असेल असें कधीं वाटलें नाहीं रे. तूं तर नेहमीं हंसायचास.”

“हंसायचों म्हणून तुम्हांला वाटायचें, मला आवडतें. अण्णा, न हंसून करणार काय? रडलों असतों तर आणखी एक नांव पडलें असतें.” तो थोडा थांबला. “वर्गांत मास्तरांनीं प्रश्न विचारला कीं उत्तर येत असलें तरी मी उभा राहून ‘येत नाहीं’ म्हणत असें. तेवढे दोन शब्द माझ्या जिभेवरून नीट जात. त्या शब्दांवर मी शाळा काढली.”

वाड्यांत सारे त्याला मठ्ठ समजत. आम्हीहि समजत होतों.

“तुमच्यावर राग नाहीं माझा,” तो म्हणाला, “माझ्यापुरतें मी केव्हांच सोडून दिलें. पण काल तुम्ही हांक मारलीत तेव्हां त्या पोरानें माझ्याकडे पाहिलें नाहीं. स्वतःच्या पायांकडे पाहिलें.”

यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. सकाळीं घाटावर सांगितलेल्या गोष्टींतला आमचा घोटाळा आतां ध्यानांत आला. ‘बंदा’ हें नांव त्या बैराग्यानें स्वतः मागून घेतलें होतें. वामनास यमक्या म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यासाठीं त्याच्यापाशीं यथार्थदीपिका होती. आठ वर्षांच्या मुलापाशीं काय असतें? नांव बोथट होतें तें मारणाऱ्याच्या हातांत. ज्याला लागतें त्याला त्याची धार माहीत असते. आणि तो हंसतो, म्हणून आपण निर्धास्त राहतों.

आम्ही भावाजवळ क्षमा मागितली. आमच्या पिढींत धाकट्याची क्षमा मागण्याची चाल नाहीं. त्यामुळें शब्द जुळवितांना बराच वेळ लागला. त्यानें तो लागूं दिला. वाक्य पुरें करून देण्याचा प्रयत्न केला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं पहांटे निघालों. फाटकाशीं पुन्हां तींच मंडळी उभीं. भावास त्याच्या बारशाच्या नांवानें हांक मारून निरोप घ्यावा, असें रात्रींच ठरविलें होतें. पण साठ वर्षें जें नांव कधीं उच्चारलें नाहीं तें ऐन वेळीं येईना. पहिल्याच अक्षरावर आमची जीभ थांबली. नातू टक लावून पाहत होता. अखेर नांव बाहेर पडलें, तेव्हां तो टाळी वाजवून म्हणाला, “आजोबा, मोठे आजोबा पण अडकले!” भाऊ मोठ्यानें हंसला. हें हंसणें आम्हीं पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें, आणि म्हणूनच आधींचें हंसणें काय होतें तेंहि त्या क्षणीं उमगलें.

भावाचें तें नांव येथें देत नाहीं. इतकीं वर्षें त्याच्या परवानगीवांचून एक नांव आम्ही गांवभर केलें. दुसरें तरी त्याला विचारल्यावांचून छापूं नये, एवढें शिकलों आहों.

वाचकांनीं टोपणनांवें टाकूनच द्यावींत असें आमचें म्हणणें नाहीं. जिजी आणि बाळ यांवांचून मराठी घर सुनें वाटेल. परंतु घरांत एखाद्याला रंगावरून, अंगावरून, जिभेवरून हांक मारण्याची रीत असेल, तर त्याला एकदां एकांतांत विचारावें. चारचौघांत विचारूं नये. तेथें तो हंसेल. विष्णुपुरीच्या पाण्याकांठीं विचारलें तसें विचारावें, आणि उत्तर येण्यास जितका वेळ लागेल तितका लागूं द्यावा.