सोलापूरच्या बांधावरचं औषधी रान

कुर्डुवाडी मागं पडली की रुळाच्या दोन्ही बाजूंना शाळूची रानं लागतात. माघ सरत आला होता. काही रानांत काढणी उरकून कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या होत्या, काही ठिकाणी बाया ओळ धरून ताटं उपटत होत्या. उजनीचं पाणी जिथवर पोचलं आहे तिथवर ऊस, त्यापलीकडं पुन्हा शाळू आणि माळ. माझं लक्ष मात्र बांधांवर होतं. कडुनिंब, बाभूळ, बोर, मध्येच एखादा हिवर, ओढा आला की करंजांची रांग. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातही मोठा वाटा परतीच्या पावसाचा, आणि उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर. अशा मुलखात कुणी पाणी न घालता जी झाडं उभी राहतात, त्यांतली बहुतेक औषधी आहेत. तीच वाढवून रानाच्या कडेला औषधी वनबाग उभी करणारं एक शेतकरी कुटुंब नान्नजच्या पुढं राहतं असं कळलं होतं. त्यांच्याकडंच निघाले होते.

वनबागेची कल्पना इंग्रजी वाचणाऱ्यांपर्यंत पोचवली रॉबर्ट हार्ट यांनी. श्रॉपशर परगण्यातल्या आपल्या छोट्याशा जागेत त्यांनी उंच झाडं, त्याखाली ठेंगणी फळझाडं, मग झुडपं, पालेभाज्या, कंद, वेल असे सात थर रचले. केरळच्या परसबागांचा त्यांच्यावर प्रभाव होता. केरळ आणि इंग्लंड, दोन्हीकडं पाऊस मुबलक. तिथल्या चित्रांवरून सोलापुरात दाट जंगल लावायला गेलं तर चौथ्या उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उरतील. इथं थर हवेत, पण अंतर ठेवून. आणि झाडं हवीत इथलीच.

सोलापुरात उतरल्यावर संध्याकाळी जुन्या बाजारपेठेतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात गेले. दारातच हिरडा, बेहडा, आवळकाठी यांची पोती उघडी होती, आत अर्जुनसाल, ज्येष्ठमध, सुंठ, डाळिंबाची वाळलेली साल. डाळिंब हे तर सोलापूरचं पीक. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून शहरालगत केगावला आहे. पण बाकीचा माल कुठला, असं विचारलं तर दुकानदार म्हणाले, “जिल्ह्यातलं थोडंच, ताई. हिरडा सह्याद्रीतला, आवळकाठी उत्तरेकडची.” हिरड्याचं ठीक आहे. आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरातले महादेव कोळी पिढ्यान् पिढ्या बाळहिरडा गोळा करतात. त्याला ती हवा, तो पाऊस लागतो. पण अडुळसा आणि निर्गुडी? ती तर इथल्या बांधावर माजतात. दुकानदारांनी हात पसरले. कुणी ओंजळभर पाला घेऊन आलं तर त्यांना परवडत नाही, त्यांना पोत्यानं लागतो, आणि तोही सावलीत वाळवलेला, एकाच जातीचा, मातीकचरा नसलेला. औषधी शेतीतून लाखोंची कमाई सांगणाऱ्यांनी या दुकानात एक संध्याकाळ बसावं असं मला मनापासून वाटतं. छोट्या शेतकऱ्याची औषधी बाग आधी घरासाठी, मग गोठ्यासाठी आणि पिकासाठी, आणि उरलं तर बाजारासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीची एसटी धरून नान्नजला उतरले. इथलं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोक आता इथं दिसणं फार दुर्मीळ झालं आहे, आणि मलाही दिसला नाही. दिसला तो माळ. गुडघाभर उंचीचं पिकलेलं गवत, पवन्या आणि कुसळी, वाऱ्यासरशी एका बाजूला झुकणारं, आणि त्यात दूरवर काळविटांचा कळप. ज्याला हिरवी झाडंच पाहायची सवय आहे त्याला ही जागा ओसाड वाटते. तशी ती वाटली म्हणूनच दुष्काळी कामांच्या काळात इथल्या माळावर ग्लिरिसिडियासारखी परकी झाडं लावली गेली. माळढोकाला दूरवर नजर पोचेल असा मोकळा माळ लागतो. तो अंडी उघड्या जमिनीवर घालतो. झाडोरा वाढला की त्याचं घर आक्रसतं. गवताखाली काय आहे हेही पाहण्यासारखं आहे. पायाशी सराटा होता, म्हणजे वैद्यांचं गोखरू, शंखपुष्पीच्या जाळ्या होत्या, आणि कडेच्या खडकाळ जागेत तरवड. तरवडाची सोनेरी फुलं सोलापूरकरांच्या ओळखीची. शहरातल्या तेलुगू पद्मशाली घरांत बतुकम्माची आरास करतात तिच्यात ती हवीतच. तेलंगणानं तर तरवडाला राज्यफुलाचा मान दिला आहे. सालीनं कातडी कमावतात, फुलं मधुमेहावर काढ्यासाठी वापरतात. म्हणजे या माळात औषध आधीपासूनच आहे, आणि ते झाडाविना आहे. औषधी वन करायचं तर ते इथं करू नये, हे तिथं उभं राहिल्यावर पक्कं पटलं.

वडाळ्याच्या अलीकडं फाट्यावर त्या शेतकरी कुटुंबातले काका मोटारसायकल घेऊन थांबले होते. “या की ताई, ऊन व्हायच्या आत रान बघू, मग जेवण.” त्यांची जमीन दोन तऱ्हेची. वरची मुरमाड, खालची ओढ्याकाठची काळी. काळीत शाळू आणि हरभरा. बाग आहे ती मुरमाड तुकड्यात, बांधांवर आणि ओढ्याच्या काठानं.

आधी कुंपण दाखवलं. अडुळसा आणि निर्गुडी एकाआड एक. दोन्हींच्या फांद्या पावसाळ्यात नुसत्या खोचल्या तरी धरतात, आणि मुख्य म्हणजे शेळ्या अडुळशाला तोंड लावत नाहीत. या भागात हा गुण सोन्याच्या मोलाचा. एरवी रोप लावायचं आणि त्याभोवती काटे रचत बसायचं यातच निम्मा जन्म जातो. अडुळशाला पांढरी फुलं आली होती. खोकला झाला की त्याची पिकली पानं वाफवून रस काढायचा आणि मधातून द्यायचा, हे काकूंना त्यांच्या सासूनं शिकवलेलं. शहरात खोकल्याच्या बाटलीवर आपण ब्रोम्हेक्सिन हे नाव वाचतो; ते रसायन अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच घडवलेलं आहे. निर्गुडीचा पाला सांधे धरले की शेकायला.

कुंपणाच्या आत उंच झाडं लांब लांब. कडुनिंब, चिंच, कवठ. त्यांच्यामधल्या उघडिपीत आवळा, बेल, शेवगा, सीताफळ, आणि त्यांच्या पूर्वेच्या अंगाला, दुपारचं ऊन टळेल अशा जागी शतावरी आणि कोरफड. उतारावर समपातळीत चर काढलेत आणि चराच्या खालच्या अंगाला झाडं. रोप लहान असताना पहिले दोन उन्हाळे बुडाशी मडकं पुरून पाणी दिलं, नंतर बंद. जमीन कुठं उघडी नव्हती. सगळीकडं तूरकाट्या आणि पाल्याचं आच्छादन. “पाणी साठवायचं ते मातीत,” काका म्हणाले. मोहोळ तालुक्यातल्या अंकोलीला अरुण देशपांड्यांचे पाणी साठवण्याचे प्रयोग त्यांनी तरुणपणी पाहिले होते, तेव्हापासूनचा हा नाद.

एका कडुनिंबावर गुळवेल चढली होती. पानं जवळजवळ झडलेली, फांद्यांवरून तिची दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबत होती. निंबावरची गुळवेल वैद्य चांगली मानतात, म्हणून प्रत्येक निंबाच्या बुडाशी काकांनी वीतभर कांडी लावलेली. तिचं सत्त्व काकू घरीच काढतात, आणि मला पाहता यावं म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळीच तयारी केली होती. बोटाएवढ्या जाडीच्या कांड्यांची कागदासारखी पातळ तपकिरी साल नखानं सोलली की आत हिरवागार गाभा, आणि आडव्या कापावर मध्यापासून कडेकडं निघालेल्या चाकाच्या आऱ्या. त्या वरवंट्यानं ठेचून रात्रभर पाण्यात भिजवल्या होत्या. माझ्यासमोर काकूंनी चोथा दोन्ही हातांनी चोळचोळून पिळला आणि पाणी फडक्यातून गाळलं. हिरवट, फेसाळ पाणी. “आता याला कुणी हात लावायचा नाही.” आमचं जेवण होईपर्यंत पातेलं सावलीत तसंच. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, शेवग्याच्या शेंगांची आमटी. जेवून उठल्यावर वरचं पाणी त्यांनी अलगद ओतून दिलं, तळाचा पांढरट साका पुन्हा पुन्हा धुतला आणि ताटात पसरला. टोपलीभर कांड्यांचं वाटीच्या तळाला पुरेल एवढंच सत्त्व. बाजारात स्वस्तात मिळणारं ‘सत्त्व’ कशाचं असेल ते ही वाटी पाहिली की समजतं.

करोनाच्या काळात गुळवेलीला एवढी मागणी आली की गावोगावच्या वेली मुळापासून ओरबाडल्या गेल्या. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी, असं त्यांचं म्हणणं. वाद काहीही असो, महिनोन् महिने कुणाला न विचारता काढा पिणं धोक्याचंच आहे. काकूंचा नियम मला आवडला. ताप असेल तरच, आणि वैद्यांनी सांगितलं तेवढे दिवस. साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला त्या गुळवेल देत नाहीत, आधी डॉक्टरांकडं पाठवतात.

गोठ्याच्या मागं निळं पिंप होतं. दशपर्णी अर्क. कडुनिंब, निर्गुडी, सीताफळ, करंज, रुई, कण्हेर, एरंड, पपई, गुळवेल, घाणेरी यांचा पाला, त्यात शेण आणि गोमूत्र घालून दोनशे लिटर पाण्यात महिनाभर कुजवायचा, रोज ढवळायचा. उग्र वास येतो. घरच्या भाजीपाल्यावर आणि हरभऱ्यावर ते हेच फवारतात. कण्हेर मात्र घराच्या अंगाला एकही नाही, पार टोकाच्या बांधावर आहे. विषारी झाड लेकरांच्या हाताशी नको. या बागेत सगळ्यात जास्त वापर होतो तो पिंपाचाच. कडुनिंबाचं हे कीड-बुरशी आवरण्याचं ज्ञान आपल्याकडं इतकं घरोघरी आहे, तरी त्यावर युरोपात अमेरिकी कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला पेटंट मिळालं होतं. भारतातून आणि बाहेरूनही लोक लढले, तेव्हा २००० मध्ये ते रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

उन्हं कलल्यावर ओढ्यावर गेलो. इथं अर्जुन. ओलाव्याशिवाय तो येत नाही, म्हणून फक्त काठानं. गुळगुळीत पांढुरकी खोडं, आणि एका झाडाची साल कमरेपासून वर चारही बाजूंनी सोललेली. कुणीतरी रात्रीतून नेली होती. काका त्या खोडावर हात फिरवत बराच वेळ बोलले नाहीत. साल काढायचीच तर एका बाजूची उभी पट्टी, तीही वरवरची. मग झाड पुन्हा साल धरतं. कडं काढलं की मुळांना वरून अन्न पोचत नाही आणि झाड मरतं. या झाडाची शेंड्याची पानं सुकायला लागली होती. छातीत दुखतंय म्हणून कुणी नेली असेल तर त्यानं सोलापूरच्या दवाखान्यात जायला हवं होतं, ते झाडालाही बरं आणि त्यालाही.

परतताना गावचे दोघे-तिघे भेटले. ग्रामपंचायतीकडं औषधी रोपं येणार होती, आणि ती गायरानावर लावायचा बेत चालला होता. काकांनी तिथंच विषय काढला. गायरान मेंढ्यांचं आहे, तिथं गवतच राहू द्या. आवळा, बेल, करंज ज्याच्या त्याच्या बांधावर लावा, म्हणजे राखायला माणूस असेल. अर्जुन ओढ्याला. हिरड्याची रोपं यादीत असतील तर ती घेऊच नका. एकानं विचारलं, मग सरकारी कागदावर जागा कुठली दाखवायची? त्यावर बरीच चर्चा झाली. मीही नान्नजला काय पाहिलं ते सांगितलं. शेवटी ठरलं ते असं: चैत्रात बांधांवर आणि ओढ्याकाठी खड्डे घेऊन ठेवायचे, मृगाचा पाऊस मुरला की रोपं न्यायची, आणि ज्याच्या बांधावर झाड त्यानंच पहिले दोन उन्हाळे मडकं भरायचं. गायरान सोडून.