स्कूबा डायव्हिंगला निघालात? आधी कान, नाक आणि फॉर्म

दिवाळी आटोपली की अड्याळच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, मालवणले चाललो, स्कूबा कराचा हाय. काही तकलीफ त नाही ना?" विचारणारा बहुधा तिशीतला आणि धडधाकट असतो. त्याचं पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "लहानपणापासून तलावात पोवतो. आमाले पान्याची कायची भीती?"

बरोबर आहे. आपला भंडारा तलावांचा जिल्हा, मामा तलाव आणि वैनगंगेच्या पाण्यात वाढलेली आपली माणसं. पण मालवणला होणाऱ्या पहिल्या उथळ डाइव्हला पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हाताला धरून नेतात. तिथे खरी परीक्षा असते ती पाण्याच्या दाबाची. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी चूक केली. ती आधी सांगतो, मग तयारीचं बोलू.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही घरचे चौघे मालवणला गेलो. गाडीतच मला सर्दी झाली. सकाळी किनाऱ्यावर आरोग्याचा फॉर्म दिला गेला. त्यात सर्दी, सायनस, कानाचा त्रास याबद्दल विचारलं होतं. मी 'नाही' वर खूण केली आणि गुपचूप नाकात थेंब टाकले. जवळपास सगळा महाराष्ट्र ओलांडून आलो होतो, पैसे भरलेले होते, आणि मुलगा स्कूबाचा सूट घालून माझ्याकडे बघत उभा होता.

साधारण तीन मीटरवर डावा कान दुखू लागला. प्रशिक्षकाने खुणेने विचारलं, ठीक? मी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करून सांगितलं, ठीक. आणखी थोडं खाली गेलो आणि कानात तीव्र कळ आली, मग एकदम गार वाटलं. पुढच्या क्षणी सगळा समुद्र माझ्याभोवती गरगर फिरू लागला. वर कुठे आणि खाली कुठे, काही कळेना. प्रशिक्षकाने घट्ट धरून सावकाश वर आणलं म्हणून निभावलं. मास्कमध्ये नाकातून आलेलं रक्त होतं.

कानाचा पडदा फाटला होता. तो आपोआप भरून आला, पण सहा आठवडे लागले. त्या काळात स्टेथोस्कोप लावला की डाव्या बाजूने अस्पष्ट ऐकू यायचं. एका लहान बाळाची छाती तपासताना मला खात्री देता आली नाही. मी त्याला भंडाऱ्याला पाठवलं. न्यूमोनिया नव्हता, पण त्या आईची रात्रीची धावपळ माझ्या एका खोट्या खुणेमुळे झाली. खर्रा लपवणाऱ्या, दारू लपवणाऱ्या पेशंटवर मी रागावतो. त्या दिवशी मीही तेच केलं होतं.

कानात नेमकं काय होतं?

पाण्यात दहा मीटर खाली गेलं की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. पडद्यामागच्या पोकळीतली हवा दबते आणि पडदा आत ओढला जातो. कान आणि घसा जोडणारी एक बारीक नळी असते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की त्या नळीतून हवा आत जाते आणि दाब समान होतो. हे दुखायच्या आधीपासून, दर अर्ध्या मीटरला करायचं. जोर लावायचा नाही.

सर्दीत ही नळी सुजून बंद असते. नाकातल्या थेंबांनी ती तात्पुरती उघडते, पण पाण्याखाली असताना थेंबांचा असर संपला तर वर येताना हवा आत अडकते. म्हणून सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. यात तडजोड नाही.

दुखलं की पंजा आडवा धरून हलवा आणि कानाकडे बोट दाखवा. लक्षात ठेवा, अंगठा वर केला की पाण्याखाली त्याचा अर्थ 'छान' होत नाही, 'मला वर जायचं आहे' असा होतो.

श्वास रोखायचा नाही

आपल्याकडे तलावात बुडी मारणारा माणूस छातीभर हवा घेतो आणि श्वास रोखतो. त्याच्यासाठी ते बरोबर आहे. काठावरून नेलेली हवा खाली दबते आणि वर आल्यावर मूळ आकाराची होते.

स्कूबात तुम्ही खोलवर, त्या दाबाचीच हवा आत घेता. (सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो हा गैरसमज आहे, ती दाबून भरलेली साधी हवा असते.) दहा मीटरवर भरलेली छाती रोखून वर आलात तर ती हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटायला तेवढी खोलीही लागत नाही, सव्वा मीटरही पुरतो. म्हणून घाबरलात तरी श्वास चालू ठेवा आणि सावकाश वर या. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात ठेवावं, कारण त्यांची सवयच उलटी असते.

आधी दवाखान्यात कोणी यावं?

दमा, फिट येणे, हृदयविकार, स्टेंट, ताब्यात नसलेलं बीपी, इन्सुलिनवरचा मधुमेह, कानाचं ऑपरेशन किंवा वाहणारा कान, पूर्वी झालेला क्षयरोग, यांपैकी काही असेल तर फॉर्म घेऊन आधी भेटा. टीबी बरा झाला तरी फुप्फुसात पोकळी किंवा व्रण राहू शकतो आणि तिथे हवा अडकू शकते. गरोदरपणात स्कूबा करू नये.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो.

पहिली, सिकलसेल. आजार असलेल्यांनी स्कूबा करू नये. थंडी, दमणूक आणि ऑक्सिजन कमी पडणं यांनी त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो. वाहक असाल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि प्रशिक्षकालाही सांगा. तपासणी झालीच नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. ती स्कूबासाठीच नाही, लग्न जुळवतानाही उपयोगी पडते.

दुसरी, खर्रा. अनेक वर्षं खर्रा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू कमी उघडतं. तुमची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जात नसतील तर स्कूबाचा मुखभाग दातात नीट धरता येणार नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते. मग मालवणच्या आधी माझ्याकडे या.

भाड्याचं सामान कसं पाहावं?

मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने श्वास आत ओढा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा आहे. दाट मिशी असेल तर पाणी झिरपतं. चष्मा मास्कखाली बसत नाही, त्यामुळे नंबरचा मास्क मिळेल का ते बुकिंग करतानाच विचारा. मुखभाग तुमच्यासमोर स्वच्छ धुऊन घ्या. पाण्यात उतरण्याआधी त्यातून चार-पाच श्वास घ्या. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर दुसरा सिलिंडर मागा. सूट छातीला आवळत असेल तर मोठा घ्या.

बोटीवर लाइफ जॅकेट घालाच. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. धोका फक्त पाण्याखाली नसतो.

शनिवार-रविवारात बसवू नका

अड्याळहून नागपूर, तिथून रेल्वेने कुडाळ किंवा कणकवली आणि पुढे मालवण. जायला-यायलाच दोनेक दिवस जातात. म्हणून किनाऱ्यावर निदान तीन दिवस ठेवा. पहिला विश्रांतीचा, दुसरा डाइव्हचा, तिसरा राखीव. आदल्या रात्री दारू नको, पूर्ण झोप हवी, सकाळी हलका नाश्ता. बोट लागू नये म्हणून झोप आणणारी गोळी परस्पर घेऊ नका. विमानाने परतणार असाल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्हनंतर १८ तास थांबा. त्याच दिवशी घाट चढूनही निघू नका. नंतर छातीत दुखलं, दम लागला, हातपाय बधिर झाले, तर लगेच दवाखाना गाठा आणि 'मी डाइव्ह केली होती' हे आधी सांगा.

राखीव दिवस मी मुद्दाम सांगतो. माझ्याकडे तो असता तर 'आज नको, उद्या बघू' म्हणणं सोपं गेलं असतं. पैसे परत मिळतील का, तारीख बदलता येईल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा. आणि घरच्यांनी निघण्याआधी ठरवा, ऐनवेळी कोणी 'नाही' म्हटलं तर त्याला कोणी हसायचं नाही.

मी गेल्या वर्षी पुन्हा गेलो. कान तपासून घेतला होता, सर्दी नव्हती. फॉर्मवर 'कानाचा पडदा फाटला होता' असं लिहिलं आणि कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. प्रशिक्षकाने मला सर्वांत शेवटी, सर्वांत सावकाश नेलं. चार मीटरवर एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा नाकासमोरून गेला. कान अजिबात दुखला नाही.