मुढीचं वजन

मुढी आमच्याकडे आली ती एका बदलीमुळे. शेजारच्या क्वार्टरमधल्या ओडिया कुटुंबाची राउरकेल्याला बदली झाली, सामानाच्या गाडीत पिंजऱ्याला जागा उरली नाही, आणि माझी मुलगी "आपण ठेवू ना" म्हणायच्या आत शेजारच्या वहिनींनी पिंजरा आमच्या व्हरांड्यात आणून ठेवलासुद्धा. मुढी म्हणजे ओडियात मुरमुरे. पांढरी-पिवळसर, गुबगुबीत, बिनशेपटीची गिनीपिग. सोबत सशाच्या खाद्याची अर्धी पिशवी आणि एक सूचना: "कुछ भी खा लेती है।" ही सूचना चुकीची होती, हे कळायला आम्हाला पाच महिने लागले.

सिलतरा म्हणजे रायपूरहून बिलासपूरला जाणाऱ्या रस्त्यावरची औद्योगिक वसाहत. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिली, ट्रकांच्या रांगा. माझे यजमान इथल्या एका कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहेत. मी मूळची वर्ध्याची. लग्नानंतर इथे आले तेव्हा सासूबाईंनी पहिली गोष्ट शिकवली ती ही, की दोरीवरचे कपडे आधी झटकायचे आणि मग घडी करायची. हवेत एक काळी भुकटी असते. तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं तर बोटाला काजळ लागतं. कोथिंबीर तीन पाण्यांतून काढावी लागते, आणि पहिल्या पाण्याचा रंग शाईसारखा असतो.

मुढीला कॉलनीतल्या हिरवळीवरची हराळी आवडायची. एके दिवशी मी ती धुतली, पाणी पाहिलं आणि ठरवलं की हे या एवढ्याशा जिवाच्या पोटात जायला नको. तेव्हापासून हिरवं बंद. सशाचं खाद्य, मूठभर बाजरी, सोललेली काकडी. स्वच्छ, निर्धोक. मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

जानेवारीत ती कोपऱ्यात बसून राहू लागली. अंगावरचे केस उभे, पाठीला पोक. मागचे पाय ओढत चालायची, आणि उचललं की अशी किंचाळायची की मुलीने तिला हात लावणंच सोडलं. मग खाणं थांबलं.

आमच्याकडे गाईचा डॉक्टर मिळतो, शेळीचाही मिळतो. जवळच्या गावातल्या दवाखान्यातल्या माणसाने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि अगदी सहानुभूतीने सांगितलं, "मैडम, चूहे का इलाज हम नहीं करते।" रायपुरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आहेत. त्यांतल्या एकाने फोनवरच नकार दिला. दुसऱ्याने बोलावलं, दोन मिनिटं पाहिलं, इन्फेक्शन असेल म्हणाला आणि लहान मुलांना देतात ते गुलाबी औषध लिहून दिलं. दिवसातून दोनदा अर्धा मिली, खाण्यानंतर.

त्या रात्री मला नागपूरचे मामा आठवले. मामांनी एका फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये अठ्ठावीस वर्षं अटेंडंट म्हणून काढली. उंदीर, ससे, गिनीपिग यांना खायला घालायचं, पिंजरे धुवायचे, वजनं करायची आणि प्रयोगाच्या दिवशी प्राणी वर लॅबमध्ये नेऊन द्यायचे. घरी ते याबद्दल कधी बोलत नसत. आम्हा भाच्यांना एवढंच ठाऊक होतं की मामा आल्यावर आधी आंघोळ करतात, मग चहा.

"डॉक्टरनं काय दिलं? बाटलीवरचं नाव वाच," मामा म्हणाले.

मी वाचलं. अ‍ॅमॉक्सिसिलिन.

"पाजलं का?"

"अजून नाही. खाण्यानंतर द्यायचंय, आणि ती खातच नाहीये."

"देऊ नको पोरी. एक थेंबही देऊ नको. पेनिसिलीनच्या घराण्यातलं औषध आहे ते. गिनीपिगला चालत नाही. आमच्याकडे एका नव्या पोरानं जखमा झाल्या म्हणून अख्ख्या पिंजऱ्याला पाजलं होतं. आठवड्यात पिंजरा रिकामा."

पुढे मी याबद्दल वाचलं. गिनीपिगचं सगळं पचन आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंच्या भरवशावर चालतं. पेनिसिलीनच्या जातीची औषधं त्यांनाच मारतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढणारे जिवाणू विष तयार करतात. 1940 साली ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलीनची पहिली मोठी परीक्षा झाली ती आठ उंदरांवर. त्या दिवशी टेबलावर उंदरांऐवजी गिनीपिग असत्या, तर औषधाचं काय झालं असतं, असा विचार मनात येतोच.

"वजन किती आहे तिचं?" मामांनी विचारलं.

"माहीत नाही."

"वजन माहीत नाही?" पोटच्या पोराचं वय विसरलेल्या आईशी बोलावं तसा त्यांचा आवाज झाला. केकसाठी घेतलेला इलेक्ट्रॉनिक काटा काढला, त्यावर स्टीलचा डबा, डब्यात मुढी. 685 ग्रॅम. राउरकेल्याला फोन केला, तर वहिनींनी कधीतरी गमतीत तिचं वजन केलं होतं. नऊशेच्या आसपास होतं म्हणाल्या.

"रोज रात्री आठला मोज," मामा म्हणाले. "वेळ बदलू नको. आणि मला कळव. उद्या मात्र शिकलेल्या डॉक्टरकडे ने. मी अटेंडंट आहे."

शिकलेले डॉक्टर जिथे तयार होतात तिथेच जावं, असं यजमानांनी ठरवलं. दुर्गच्या पुढे अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कामधेनू विश्वविद्यालयाचं. सिलतऱ्याहून साठेक किलोमीटर. रात्रपाळी करून आलेला माणूस गाडी चालवतोय, मागे मी टॉवेलात गुंडाळलेली मुढी मांडीवर घेऊन बसलेली. भिलाई, दुर्ग, शिवनाथ नदीचा पूल. रांगेत आमच्या पुढे एक गाय, एक बोकड आणि पाय मोडलेला एक अल्सेशियन. बोकडाच्या मालकाने टॉवेलाकडे पाहून विचारलं, "का हे एमा?" मी दाखवलं. त्याने मान हलवली आणि आपली जागा आम्हाला दिली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मुढीला टेबलावर ठेवलं आणि क्षणभर नुसतं पाहिलं. "सच कहूँ तो मरीज के तौर पर पहली बार देख रहा हूँ। पढ़ाई में इसकी आँत का टुकड़ा देखा था। पूरा जानवर नहीं।"

या वाक्यावर माझा विश्वास बसला. दोन मिनिटांत निदान करणाऱ्यापेक्षा हा माणूस बरा वाटला. ते आतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आले, आणि पान उघडं ठेवून त्यांनी तिला तपासलं. गुडघ्याचा सांधा हलकेच दाबला, ती किंचाळली. ओठ बोटाने वर केला. हिरड्या सुजलेल्या, लाल.

"खाने में क्या देते हैं?"

मी सांगितलं. हिरवं का बंद केलं तेही सांगितलं, धुळीसकट. सांगतानाच माझा आवाज उतरत गेला, कारण त्यांनी लिहिणं थांबवलं होतं.

स्कर्व्ही. शाळेच्या पुस्तकात दर्यावर्दी लोकांना होणारा. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणसाला, माकडांना आणि गिनीपिगला ते जमत नाही. ते रोज बाहेरून मिळावं लागतं, आणि सशाच्या खाद्यात ते घातलेलं नसतं, कारण सशाला त्याची गरजच नसते. 1907 साली होल्स्ट आणि फ्रोलिक या दोन नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं. ते दुसऱ्याच एका आजाराच्या शोधात होते. प्राण्यांना झाला स्कर्व्ही, आणि क जीवनसत्त्वाचा शोध पुढे त्या वाटेने लागला. शंभरहून जास्त वर्षांनी तोच प्रयोग मी सिलतऱ्यात, माझ्या व्हरांड्यात, प्रेमाने करत होते.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थेंब लिहून दिले, दुखणं कमी होण्याचं औषध दिलं. बजावून सांगितलं ते भरवण्याबद्दल. हिचं आतडं थांबता कामा नये. ती खात नसेल तर तुम्ही भरवा, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

बिनसुईची सिरिंज, खाद्याची भिजवून केलेली पेज, तोंडाच्या बाजूने थोडी थोडी. घाई केली तर ठसका लागतो. रात्री नऊ, बारा, तीन माझ्याकडे. सहाला यजमान पाळीवरून आले की हात धुऊन ते. काळ्या पडलेल्या बोटांनी इतकं हळू काही करताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. धुळीचा प्रश्न डॉक्टरांनी एका वाक्यात सोडवला होता, "धोइए, मगर दीजिए।" मग हराळी चार पाण्यांतून काढून. कोथिंबीर. आवळ्याचा कीस, ज्याच्याकडे तिने तोंड फिरवलं. आणि इथे ज्याला बिही म्हणतात तो पेरू. हिचे पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातले. पेरू देशात आजही तिला घरात पाळतात, आणि खातातही. मुलगी म्हणाली, "पेरूच्या प्राण्याला पेरू." चार दिवसांत घरातलं ते पहिलं हसू.

रात्री आठला मामांना फोन. 672. "हं." 668. "हं." 664. यावर मामा काही बोललेच नाहीत. फक्त त्यांच्याकडच्या टीव्हीचा आवाज ऐकू येत होता. पाचव्या दिवशी 667. "चढलं," मामा म्हणाले, आणि पलीकडे मामींना ओरडून सांगितलं, "चढलं गं!"

नवव्या दिवशी सकाळी मी फ्रिज उघडला आणि व्हरांड्यातून शिट्टी आली. गिनीपिगची भाजी मागायची ती शिट्टी, जी आम्ही महिनाभर ऐकली नव्हती. मी तिथेच कोथिंबिरीची जुडी धरून उभी राहिले.

चैत्रात मामा-मामी आले. तोवर उन्हाळ्यामुळे मुढीचा मुक्काम कूलरच्या खोलीत हलला होता, कारण तिला गरमी मुळीच सोसत नाही. मागचा डावा पाय ती अजूनही जरा जपून टाकते. मामांनी आधी आंघोळ केली, चहा घेतला, मग पिंजऱ्याजवळ गेले. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, एका हालचालीत उचलली. ती हूं की चूं करेना. आम्हा तिघांच्याही हातात ती इतकी शांत कधी राहिली नव्हती. मामांनी तिला काट्यावरच्या डब्यात ठेवलं, चष्मा वर केला.

"आठशे चाळीस."

मुलीने वहीत लिहिलं. मामांनी मुढीला पुन्हा उचललं आणि छातीशी धरून तसेच उभे राहिले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"आता?" ते म्हणाले.

"आता काय मामा, खाली सोडा तिला," मी म्हणाले.