पाण्याचं पलायन

भाचीचा फोन रात्री अकराला आला. लेस्टरला तेव्हा संध्याकाळ. तिच्या न्हाणीघराखालच्या खोलीत छताला पिवळट डाग पडला होता. आधी ताटलीएवढा होता, आता परातीएवढा. समोर विम्याचा फॉर्म उघडा होता. "मावशी, तू भाषांतरं करतेस ना? मग सांग, लीक लिहू, सीप लिहू की ड्रिप?" घर माझं नाही, डागही माझा नाही, तरी माझी झोप उडाली ती उडालीच.

ब्रिटनच्या घरविम्यात या प्रकाराला ठरलेलं नाव आहे, एस्केप ऑफ वॉटर. पाण्याचं पलायन! जणू पाणी म्हणजे नळाच्या कोठडीतला कैदी, पहारेकऱ्याचा डोळा लागला आणि निसटला. अमेरिकेतल्या पॉलिसींना एवढी कल्पनाशक्ती नाही, पण त्या कानानं फार तिखट. पाणी अचानक, अपघातानं बाहेर आलं तर भरपाई. आठवडेन्‌आठवडे सीपेज चालू असेल, तर पुष्कळ पॉलिसी हात वर करतात. शब्द बदलला की पैसे गेले.

लीकमध्ये दोष भांड्याचा. पाणी आपल्या स्वभावानुसार वागलं, फट पाइपाला होती. म्हणून लीक म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, दुरुस्ती कुणी करायची? १९७१च्या जूनमध्ये पेंटॅगॉन पेपर्स नावाची गुप्त सरकारी कागदपत्रं न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून यायला लागली, तेव्हा निक्सनच्या व्हाइट हाउसनं गुपितांची गळती थांबवायला एक पथक नेमलं. त्या मंडळींनी स्वतःला नाव दिलं प्लंबर्स. पुढे याच गोतावळ्यातली माणसं वॉटरगेटच्या घरफोडीत सापडली, हे अगदी प्लंबिंगच्या नियमाला धरून झालं. एक सांधा आवळावा, तर दुसरा सुटतो.

मराठीत गुपित गळत नाही, फुटतं. परीक्षेचा पेपरही फुटतो. फुटण्याला आवाज आहे, तुकडे आहेत. गळती आपण राखून ठेवली ती शाळेतल्या मुलांसाठी. इंग्रजीत शाळा सुटलेलं मूल ड्रॉपआउट, म्हणजे पडणारं तेच. मराठीत ती मुलांची गळती, म्हणजे भोक शाळेला. सरकारी अहवालात हा शब्द इतक्या निर्विकारपणे येतो, की त्यातला आरोप लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नसावा.

स्पिल मात्र हाताची चूक. कप कलंडला, दूध सांडलं, फडकं आणा. या शब्दाचं पूर्वायुष्य भयंकर आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मारणं, नाश करणं असा होता. मग रक्त सांडणं, आणि तिथून घसरत तो टेबलावरच्या दुधापर्यंत आला. आपलं सांडणं वेगळ्या घरचं. ज्ञानेश्वरीत सांडणं म्हणजे टाकून देणं, सोडणं. एकीकडे खून, दुसरीकडे त्याग, आणि दोघांची अखेर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर.

या घरगुतीपणामुळेच मला ऑइल स्पिल हा शब्द खटकतो. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तरंगत्या तेलफलाटावर स्फोट झाला. ११ कामगार गेले. सुमारे १,५०० मीटर खोल समुद्रतळावरच्या विहिरीतून तेल ८७ दिवस उसळत राहिलं. सांडणं भांडं रिकामं झालं की संपतं, हे संपतच नव्हतं. तरी चौकशी आयोगाच्या नावातसुद्धा स्पिलच. खालून भडभडा वर येणाऱ्या गोष्टीला सांडणं म्हटलं की ती कुणाच्या तरी धक्क्यानं चुकून झाल्यासारखी वाटते.

सीपपाशी आलं की मला आईच्या घरचा माठ आठवतो. नवा माठ आणला की ती पाणी भरून रात्रभर ठेवायची आणि सकाळी बाहेरून हात फिरवायची. हाताला ओल लागली की खूश. माठ पाझरला पाहिजे. ते पाझरलेलं पाणी वाऱ्यावर उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून तर पाणी गार. पण तळाशी थेंब धरला, की तोच माठ गळका ठरून परसात तुळशीला जायचा. लीक आणि सीप यांतला फरक तिला इंग्रजीचं अक्षर न शिकता तळहाताला कळत होता.

पाझर इंग्रजीत न्यायचा तर शब्दकोश ऊझकडे बोट दाखवतो. तो सल्ला मी एकदा ऐकला होता. कथेतल्या कठोर सासऱ्याला शेवटी पाझर फुटतो, असं वाक्य होतं, आणि माझ्या इंग्रजीत ते असं उतरलं की म्हाताऱ्याला जणू गळू झालंय. ऊझ चिकट आहे, जखमेतून येतं, चिखलातून येतं. समुद्रतळावर सूक्ष्म जिवांच्या कवचांचा जो मऊ गाळ साचतो, त्यालाही शास्त्रज्ञ ऊझ म्हणतात. मायेला तिथे जागा नाही. त्या सासऱ्याला मी शेवटी नुसतं रडवलं.

आणि ड्रिप? ड्रिप हे कानाचं काम, एक थेंब पडला की दुसऱ्याची वाट बघणं. ब्रिस्बेनला क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकानं १९२७ साली तापवलेलं डांबर काचेच्या नरसाळ्यात ओतलं, ते बसू दिलं आणि १९३० साली नरसाळ्याची नळी कापली. त्यानंतर २०१४पर्यंत थेंब पडले नऊ. याला ठिबकणं म्हणायचं का? मी म्हणेन. फक्त ऐकणाऱ्याला आयुष्य कमी पडतं.

यातलं निम्मंच भाचीला सांगितलं, फोनचं बिल तिचं होतं. "लीक लिही," म्हटलं, "आणि आधी प्लंबरला बोलाव."

तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. प्लंबरनं फरशीखाली हात घातला, सांध्यावरून बोट फिरवलं, ओलं बोट तिच्यासमोर धरलं आणि लेस्टरच्या बोलीत म्हणाला, "इट्स ओन्ली वीपिंग, मी डक." जेमतेम ओलावणाऱ्या सांध्याला त्यांच्या धंद्यात वीपिंग म्हणतात, रडणारा सांधा.

"मावशी," तिनं पुढे लिहिलं होतं, "फॉर्ममध्ये तसा रकाना नाहीये."