हळद, साबण आणि स्टीलची ताटली

विज्ञानाचा तास म्हटलं की आपल्या पिढीला काय आठवतं? कुलूपबंद काचेचं कपाट! लोहचुंबक सरांच्या हातात, आणि आपण शेवटच्या बाकावरून मान उंचावून बघणार.

सध्या शनिवारी एका शाळेत चौथीच्या मुलांबरोबर असतो. सामान अगदी फुटकळ. हळदीचं पाणी लावून वाळवलेले कागद, कपड्यांचा साबण, लिंबू. साबण लागला की कागद लाल, लिंबू पिळलं की परत पिवळा. कुणी नुसतं 'दाखवलं' तर जादूच, स्वतः दहादा केलं तर रसायनशास्त्र.

चुंबकाची गंमत तर अजून भारी. 'लोखंड चिकटतं' हे सगळ्यांना पाठ. पण एकीची स्टीलची ताटली चिकटली, दुसरीची नाही. झालं, भांडण सुरू! पुरेसं निकेल मिसळलेलं स्टेनलेस स्टील सहसा चिकटत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी गप्प बसलो. मग पोरांनी डबे, चमचे, बाटल्या, सगळं तपासून दोन ढीग केले. आपण ऑफिसात टेस्टिंग म्हणतो ते याहून वेगळं काय असतं हो?

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली असंच शिकवणं सुरू झालं, पुढे शेकडो शाळांत पोचलं. २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं. असो. प्रयोगाला मात्र सरकारी परवानगी लागत नाही.

घरात बिघडलेला स्पीकर असेल तर त्यातला चुंबक काढा, शेजारच्या पोराला द्या. उत्तर तेवढं सांगू नका.