अंगच उडतंय

रस्त्यावरचे हॉर्न, मिक्सर, शेजारच्या लग्नातला डीजे, कशानेच आमच्या आईची झोप मोडत नाही. पत्रा नुसता खडखडला तरी मात्र ती ताडकन उठून बसते. किल्लारीजवळच्या आमच्या गावातली माळवदाची घरं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपात बसली. आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते. पुढे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. लहानसहान धक्के चालूच होते. पत्रे थरथरले की अख्खी वस्ती बाहेर धावायची.

“एवढी वर्षं झाली, अजून काय भिता?” पाहुणे विचारतात. आई म्हणते, “भ्या वाटत न्हाई ओ, अंगच उडतंय.”

शरीरक्रियाशास्त्र शिकायला लागले तेव्हा कळलं, ती शब्दशः खरं सांगते. दचकण्याची वाट फार आखूड असते: कानातून मेंदूच्या देठात, तिथल्या काही मोठ्या पेशींतून पाठीच्या कण्याकडे आणि स्नायूंकडे. सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापणी मिटू लागते. भीती वाटायला तेवढा वेळ पुरतच नाही. पण या वाटेचा जोर कमीजास्त करते ती अमिग्डाला, मेंदूतला भीतीशी निगडित भाग. मायकेल डेव्हिस यांच्या प्रयोगांत उंदरांच्या मेंदूतला हा भाग निकामी केल्यावर दचकणं शिल्लक राहिलं. भीतीच्या खुणेने त्यात पडणारी भर तेवढी गेली. रोजच्या निरुपद्रवी आवाजांना मेंदू दारातच अडवतो. एकदा जिवावर बेतलेला आवाज मात्र बिनअडथळा आत येतो. आईचं हॉर्नमध्ये झोपणं आणि पत्र्याला उठणं, दोन्ही एकाच मेंदूचं काम.

एकदा मीही दचकणं मोजणाऱ्या चाचणीला बसले. डोळ्याखाली इलेक्ट्रोड, कानांवर हेडफोन, मध्येच मोठा आवाज. खोली अंधारी केल्यावर माझ्या पापणीच्या आलेखाची रेष उंचावली. माणसं अंधारात जास्त दचकतात, हे क्रिस्टियन ग्रिलॉन यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं. धोका कधी येईल हे ठाऊक नसलं की अंग सतत ताणलेलं राहतं, हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं.

म्हणून आमच्या घरी गच्चीवरचा पत्रा हलवण्याआधी नातू ओरडून सांगतो, “आज्जी, पत्रा काढतोय गं!” आईच्या खोलीतला दिवा रात्रभर चालू असतो. मुक्कामाचे पाहुणे तो बंद करायला उठतात, तेव्हा मी त्यांना बसवून हे सगळं समजावून सांगते.